शालन, तुझं पेन्शन बंद झालं

शालन, तुझ्या तेराव्याला तुझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या गेल्या आणि दोन्ही खोट्या होत्या.

तुझ्या ऑफिसातले ते उंच, पांढऱ्या मिशांचे साहेब उभं राहून म्हणाले, "शालिनीताईंसारखी त्यागी बाई मी पाहिली नाही. हातातलं पेन्शन सोडायला निघाल्या होत्या." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. मग जेवताना माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई शेजारणीला सांगत होती, "शेवटी शेवटी डोक्यावर परिणाम झाला होता म्हणे. हक्काचं कोण सोडतं गं?"

मी पुरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. मागे वळून तिला काहीतरी सुनवावं असं वाटलं, पण काय सुनवणार? तू त्यागी नव्हतीस. दादरच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याचा जीव नकोसा करायचीस. आणि डोकं म्हणशील तर ते अखेरपर्यंत माझ्यापेक्षा बरं चालत होतं. खरं काय झालं ते तुझ्या लेकीला, मुग्धाला आणि मला ठाऊक आहे. मुग्धा अजून चारचौघांत बोलण्याच्या अवस्थेत नाही. तुझा कप धुवायला घेते आणि नळ तसाच वाहता ठेवते. म्हणून मी लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले की माझा आवाज चढतो, म्हणून तुलाच सांगते.

काळाचौकीच्या चाळीत आपल्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत होती आणि ती भिंतही नावापुरतीच. तुझ्या आईनं फोडणी दिली की आमच्याकडे ठसका लागायचा. दोघींचे बाबा एकाच गिरणीत, एकाच पाळीला. मॅट्रिकनंतर तू सरकारी परीक्षेला बसलीस आणि मी शिवडीच्या औषधाच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागले. परीक्षेचा अर्ज मीही आणला होता, पण माझ्या घरात महिनाअखेर पगार हवा होता. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, तुला माहीत आहे.

पुढे तू कर्जाच्या शाखेत गेलीस. राज्य सरकार कर्ज कधी काढतं, व्याज कधी भरतं, जुनं फेडायला नवं कधी घेतं, हे बघणारं टेबल. तुझ्या बाबांना ते ऐकून केवढं नवल वाटलं होतं! ते पानाची पिचकारी टाकून मालवणीत म्हणाले, "सरकार पण कर्ज काढता? मगे आमकां कित्याक नावां ठेवतंत?" सगळी गॅलरी हसली. तू हसली नाहीस. त्या टेबलावर बसलेल्या माणसाला ह्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, असं तू मला खूप वर्षांनी सांगितलंस.

तू मोठ्या पदावरून निवृत्त झालीस. लग्नानंतर दादरला गेलेलीच होतीस, भावोजी गेल्यावरही तिथेच राहिलीस, लेक आणि नात जवळ म्हणून. माझी फॅक्टरी त्याआधीच बंद पडली होती. आता तिथे काचेचा टॉवर आहे. माझं पेन्शन म्हणजे फंडाचं, आमच्या तुटपुंज्या पगारातून महिन्याला कापलेलं. त्यात गॅसचा सिलिंडर येतो आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या येतात. मग संपतं. मी आणि पॅकिंगच्या आमच्या बायका त्यासाठीच मोर्च्याला जाऊ लागलो. माणूस जगेल एवढं तरी द्या, एवढीच मागणी. मैदानात बसायचं, निवेदन द्यायचं, कुणीतरी येऊन सकारात्मक विचार चालू आहे म्हणून सांगायचं, आपण डबे आवरून घरी यायचं.

घरी म्हणजे आधी तुझ्याकडे. पायाला धूळ तशीच आणि तू दारातच विचारायचीस, "किती मागितलं आज?"

"तेच. तुला माहीत आहे."

"आणि कुठून द्यायचं, ते सांगितलंत?"

"ते आमचं काम नाही."

"मग कुणाचं? निमे, पैसा येतो त्यातून आधी पगार जातात, मग आमची पेन्शनं जातात, मग व्याज जातं. उरलेल्यात दवाखाना, शाळा, रस्ता. ते पुरत नाही म्हणून पुन्हा कर्ज. ते कोण फेडणार? ही?" आणि तू तुझ्या नातीकडे बोट करायचीस. ती बिचारी टीव्हीसमोर चकली खात बसलेली असायची.

मी म्हणायचे, मग आम्ही मरायचं का? तू म्हणायचीस, तसं कुठे म्हटलं मी? आणि चहा ओतायचीस. तुझं म्हणणं मला पटायचं नाही, पण खोडताही यायचं नाही. चहा पिताना मी नव्यानं जुळवाजुळव करायचे. पुढच्या वेळी असं बोलेन, तसं बोलेन. बसमध्ये बसल्या बसल्या ओठ हलायचे माझे. कंडक्टर बघायचा.

तरीही आमचं निवेदन तूच सुधारून द्यायचीस, हेही मी इथे लिहून ठेवते. "असं रडून लिहिलंत तर पहिल्याच टेबलावर अडकेल," असं म्हणून चष्मा लावायचीस. त्यात एकदा तू दोन वाक्यं घातलीस. ज्यांचं सगळ्यांत कमी त्यांचं आधी वाढवा. त्यासाठी ज्यांचं भरपूर आहे त्यांची वाढ काही वर्षं थांबवा. मला ते चांगलं वाटलं. कमिटीत वाचलं तर आमचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडमना म्हणावं दुसऱ्याचं थांबवा असं आपण लिहायचं नाही. उद्या तेच लोक आपल्याला पाठिंबा देणार नाहीत." पहिलं वाक्य ठेवलं, दुसरं काढलं. तू छापील प्रत वाचून विचारलंस, "माझं दुसरं वाक्य कुठे गेलं?" मी कारण सांगितलं. तू कागद घडी करून परत दिलास. "सगळीकडे असंच होतं गं," म्हणालीस. "आमच्याकडेही दुसरं वाक्यच गळायचं."

मग ती दुपार आली. तू थालीपीठं लावत होतीस. आपलं नेहमीचंच चाललं होतं. तू म्हणालीस, "तुमच्या कापलेल्या पैशातून निघतं ते तुम्हाला मिळतं. त्याच्या वरचं मागता ते दुसऱ्या कुणाच्या खिशातून येणार." आणि मी सहज, खरंच सहज विचारलं, "आणि तुझ्या पगारातून पेन्शनसाठी किती कापायचे गं?"

तू उलथनं हातात घेऊन उभी राहिलीस. थालीपीठ करपायला लागलं तेव्हा गॅस बंद केलास.

"काहीच नाही," म्हणालीस.

तुला हरवल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. तुझं तोंड बघून झाला नाही.

त्यानंतरच्या महागाई भत्त्याच्या वेळी तुझा फोन आला. "निमे, वाढ आली आहे. मी ती घेणार नाही. जे मिळतंय ते मला पुरतं." मी म्हटलं, सकाळी सकाळी थट्टा नको. तू म्हणालीस, उद्या माझ्याबरोबर पेन्शनच्या ऑफिसला चल.

त्या कचेरीत खिडकीवर बसलेला माणूस तुला ओळखत होता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली. तू अर्ज पुढे केलास. त्यानं तो वाचला, मग आणखी एकदा वाचला, मग तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, कमी आलंय का काही?"

"नाही. जास्त आलंय."

"म्हणजे चुकून जादा जमा झालं?"

"चुकून नाही हो. नियमानं आलंय. मला नको आहे."

"मग दान करा ना, मॅडम. एखाद्या आश्रमाला द्या. टॅक्समध्ये सूटही मिळेल."

"मला दान करायचं नाहीये. मला घ्यायचंच नाहीये. तुम्ही काढूच नका माझ्या नावावर."

तो अगदी दुःखी झाला. "तशी सोयच नाही, मॅडम. पेन्शनर हयात आहे आणि वाढ लावली नाही, तर ऑडिट मला विचारेल. तुम्हाला हे मी काय सांगायचं?" मग आपण वरच्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी चहा मागवला. तुझं कौतुक केलं, आदर्श आहात म्हणाले, आणि अर्ज आपल्या हातानं तुझ्या पर्समध्ये परत ठेवला. "एकीचं घेतलं तर बाकीचे माझ्या अंगावर येतील, ताई. ह्या वयात कशाला डोक्याला ताप?"

जिन्यावर तू थांबलीस. मला इतका वेळ हसू दाबवत नव्हतं. मी म्हटलं, "एवढं जड होत असेल तर मला दे." मी हसत म्हटलं. पण ते पूर्ण गमतीत नव्हतं आणि ते तुला कळलं.

"तुला देईन गं," तू म्हणालीस. "आत्ता देईन. पण तुझ्याबरोबर मैदानात बसतात त्या सगळ्यांना कुठून देऊ?"

दिवाळीला तू पाकीट आणलंस. साडीच्या घडीत घालून आणलंस, मला दिसू नये म्हणून. मी परत केलं. तू पुन्हा माझ्या हातात कोंबलंस. मी म्हटलं, "शाले, मी सरकारकडे मागते आहे. तुझ्याकडे मागायला लागले तर तुझ्या घरी कुठल्या तोंडानं येऊ?" तू साडी ठेवलीस आणि पाकीट घेऊन गेलीस. माझ्या हातून ते सुटता सुटत नव्हतं, हे तुला दिसलं असेल का? त्या महिन्यात आमच्या सिलिंडरचे वांधे होते. आज हे लिहिताना मला लाज वाटत नाही, नुसतं हतबल वाटतं. मला हवं होतं ते कुणी देत नव्हतं, तुला नको होतं ते कुणी घेत नव्हतं, आणि आपण दोघी माझ्या खाटेवर शेजारी शेजारी बसून शंकरपाळे खात होतो.

तुझ्या अर्जाची बातमी तुझ्या लोकांत फुटली. निवृत्तांच्या सहलीला तुला बोलावणं आलं नाही. "हिच्यामुळे उद्या सगळ्यांचं कापतील," असं म्हणत होते म्हणे. ते तू हसण्यावारी नेलंस. मुग्धाचं मात्र तुला लागलं. ती शाळेत शिक्षिका, पण उशिरा लागलेली, म्हणून नव्या योजनेत. तिच्या पगारातून कापतात, ते बाजारात लावतात, शेवटी निघेल ते निघेल. ती तुझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "आई, तू सोडलंस तर ते मला मिळणार आहे का? मग कुणासाठी चाललंय हे?" मी मध्ये पडले नाही.

आणि तीच मुग्धा जुन्या पेन्शनसाठी संपावर गेली तेव्हा तू काय केलंस? पहाटे उठून घावणे केलेस, नारळाची चटणी वाटलीस, आणि तिच्यासाठी, तिच्या मैत्रिणींसाठी मोठा डबा घेऊन मैदानात गेलीस. मला फोन करून बोलावून घेतलंस, कारण तुला मैदानात कुठे बसायचं असतं ते ठाऊक नव्हतं. रखरखीत ऊन होतं. आजूबाजूला बायका गळा फाडून घोषणा देत होत्या आणि तू मधोमध तोंड घट्ट मिटून बसलेली. मी म्हटलं, "घोषणा देऊ नकोस, निदान टाळी तरी वाजव. लोकांना वाटेल तू सीआयडी आहेस."

"मागणी चूक आहे, निमे."

"मग आलीस कशाला?"

"पोरगी उपाशी बसली असती." आणि थोड्या वेळानं हळूच म्हणालीस, "चूक आहे, पण हिच्या वयात हिच्या जागी मीही इथेच बसले असते."

हे मी मुग्धाला परवा सांगितलं. तिनं नळ बंद केला. म्हणाली, "मला का नाही बोलली?"

मग खोकला सुरू झाला आणि जायचं नाव घेईना. परळच्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात फेऱ्या सुरू झाल्या. इंजेक्शनं सुरू झाली, एकेका इंजेक्शनला माझं कित्येक महिन्यांचं पेन्शन गेलं असतं. ती सगळी तुझ्या पेन्शनमधून झाली. जी वाढ तुला नको होती तीही त्यात गेली. तू सुई टोचलेला हात उशीवर ठेवून म्हणालीस, "बघ, शेवटी लागलंच. सोडलं असतं तर मुग्धाच्या गळ्यात पडले असते."

माझ्या मनात आलं, मला असं काही झालं तर मी कुणाच्या गळ्यात पडणार? तुझ्याही मनात तेच आलं असावं, कारण तू माझ्याकडे बघितलंस आणि लगेच खिडकीकडे मान फिरवलीस.

एकदा बाहेर पडताना फुटपाथवर तुझी पावलं अडखळली. गावोगावहून आलेले पेशंट, त्यांची बायकामुलं, स्टोव्ह, बादल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. एक बाई नवऱ्याच्या डोक्यावर ओला पंचा धरून बसली होती. तू टॅक्सीत बसल्यावर म्हणालीस, "ह्यांच्यासाठी उरायला हवं होतं गं. आमचं देऊन झाल्यावर ह्यांच्या धर्मशाळेला उरतच नाही. मी जन्मभर ते आकडे लिहिले. ही तोंडं बघितली नव्हती." टॅक्सी परळच्या पुलाखाली अडकली होती. नेहमी अशा जागी मी तुझं बोलणं तोडायचे, की मग बड्या लोकांची कर्जं माफ होतात ती कुठून? ते खरंही आहे. पण त्या दिवशी मी भांडले नाही. तुला बरं वाटावं म्हणून गप्प राहिले, आणि तुला त्यामुळेच कळलं की तुझं काही खरं नाही. "भांड की," तू म्हणालीस. मला जमलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तू मालवणीत बोलायला लागलीस. सरकारी नोकरीत गेल्यावर तू ती बोली सोडली होतीस. चाळीत आलीस तरी शुद्ध बोलायचीस, आम्ही चिडवायचो. आता नर्सलासुद्धा मालवणीत सांगत होतीस आणि ती केरळची पोरगी मान हलवत होती. त्या दुपारी मुग्धा औषधं आणायला खाली गेली होती. तू डोळे उघडलेस. मास्क बाजूला करायची खूण केलीस.

"निमग्या," तू म्हणालीस. लहानपणी म्हणायचीस तशी. "तुमचां वाढलां काय गो?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बजेट नुकतंच होऊन गेलं होतं.

"नाय गो," मी म्हटलं. "नाय वाढलां."

मग म्हणालीस, "बरां."

आणि डोळे मिटलेस. नंतर तू काही बोलली नाहीस, निदान कुणाला समजेल असं नाही.

शालन, ह्या एका शब्दानं माझा पिच्छा पुरवला आहे. बरां म्हणजे काय? वाढलं नाही ते बरं झालं, तुझ्या नातीच्या डोक्यावरचं ओझं तेवढं कमी? की बरां म्हणजे आपण नुसतं म्हणतो तसं, ऐकलं, समजलं, आता काय करणार? की तुला वाईट वाटलं आणि बोलायला तेवढाच श्वास उरला होता? मुग्धा म्हणते, मावशी, आईला वाईटच वाटलं असणार. ती माझं मन राखते आहे. तिलाही ठाऊक नाही. मी तुझ्याशी उभा जन्म भांडले आणि तुझ्या शेवटच्या शब्दाचा अर्थ मला लागत नाही. तू असतीस तर चष्मा लावून समजावलं असतंस.

तेरावं झाल्यावर मुग्धाबरोबर मी बँकेत गेले. मृत्यूचा दाखला दिला. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं, एक सही घेतली आणि म्हणाली, "झालं, मॅडम. पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद." मुग्धानं विचारलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." बाहेर येऊन मुग्धा पायरीवर बसली आणि हसायला लागली, आणि मग रडायला लागली. मीही तिच्याशेजारी बसले. लोक आम्हाला वळसा घालून आत जात होते.

काल पुन्हा आमचा मोर्चा होता. मला जायचं नव्हतं, पण बायका दारात आल्या. ह्या वर्षी आणखी दोघी कमी झाल्या आहेत. आम्ही बसलो, घोषणा दिल्या. टीव्हीवाली एक मुलगी माईक घेऊन आली, मुग्धापेक्षा लहान. बायकांनी मला पुढे केलं, बोलायचं काम माझं म्हणून. तिनं विचारलं, "आजी, तुमची मागणी बरोबर आहे, पण सरकारवर केवढं कर्ज आहे, हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलंय का?"

"सांगितलंय की," मी म्हटलं. "माझी मैत्रीण आहे, त्याच खात्यातली. ती सगळं सांगते मला."

मुलीला ते आवडलं. ती कॅमेरावाल्याकडे वळून काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, "अरे वा, मग त्यांच्याशीही बोलायला हवं. कुठे असतात त्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादरला."